वाचकांचे प्रश्न : माहितीपुस्तकातल्या ध्येयांना वजन द्यावे का?

प्रश्न : माझ्या मुलीने यंदा एमबीएची सीईटी दिली आहे. कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेच्या) फेरीसाठी संस्थांचा पसंतीक्रम ठरवताना आम्ही चार माहितीपुस्तके वाचली. ‘मूल्याधिष्ठित नेतृत्व’, ‘समाजाभिमुख उद्योजकता’ ही ध्येये चारही ठिकाणी जवळजवळ त्याच शब्दांत आहेत. निवड करताना त्यांचा विचार करावा का?
— एक वाचक, वर्धा

उत्तर : आपली शंका रास्त आहे. या सारखेपणाचे एक कारण कार्यालयीन आहे. एनबीए (राष्ट्रीय मानांकन मंडळ) किंवा एएसीएसबी (व्यवस्थापन संस्थांना मानांकन देणारी आंतरराष्ट्रीय संघटना) यांच्याकडून मानांकन मिळवू पाहणाऱ्या संस्थेला आपले ध्येय लेखी मांडावेच लागते, आणि मागणीबरहुकूम लिहिलेला मजकूर बहुधा एकमेकांसारखाच होतो.

तरीही ही वाक्ये मी सरसकट निकालात काढणार नाही. आपण वर्ध्याच्या आहात म्हणून तेथल्याच एका व्यापाऱ्याच्या नावाचे उदाहरण देतो. मुंबई विद्यापीठाने १९६५ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने जी व्यवस्थापन संस्था चर्चगेटजवळ उभी केली, तिला जमनालाल बजाज यांचे नाव आहे. गांधीजी ज्यांना आपला पाचवा पुत्र मानत, ज्यांनी संपत्तीकडे विश्वस्ताच्या भूमिकेतून पाहिले आणि १९२८ मध्ये वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुले केले, त्या व्यापाऱ्याचे नाव धारण करणाऱ्या संस्थेला त्याच मापाने मोजण्याचा हक्क विद्यार्थ्यांना आपोआप मिळतो. लिहिलेल्या ध्येयाचाही उपयोग हाच आहे : जाब विचारायला काहीतरी हाती राहते.

माझी सूचना अशी की प्रत्येक ध्येयवाक्यासमोर पेन्सिलीने ‘हे वेळापत्रकात कोठे आहे?’ एवढेच लिहावे. व्यवसायनीतीचा विषय किती श्रेयांकांचा (क्रेडिट्सचा) आहे, त्याला पूर्णवेळ प्राध्यापक आहे की सत्राच्या शेवटी पाहुण्यांची दोन व्याख्याने उरकली जातात, हे अभ्यासक्रम पाहिल्यावर कळते. मी पूर्वी जेथे तासाला जात असे, त्या एका संस्थेत मूल्यांचा फलक जिन्यासमोरच होता आणि नीतीचा तास शनिवारी शेवटचा. हजेरीपटावरच्या सह्या मात्र भरगच्च असत.

त्याहून बोलका कागद म्हणजे प्लेसमेंटचा अहवाल. समजा, दहा विद्यार्थ्यांपैकी नऊ जणांना वर्षाला ६ लाखांची नोकरी मिळाली आणि एकाला ४६ लाखांची. सरासरी निघते १० लाख, जी दहापैकी एकाच्याही वाट्याला आलेली नाही; मध्यक, म्हणजे पगार चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा, मात्र ६ लाखच राहतो. जाहिरातीत १० लाख छापणे खोटे नाही, परंतु ‘पारदर्शकता’ हे मूल्य मिरवणाऱ्या संस्थेने मध्यकही दिला पाहिजे, आणि शिवाय किती जणांना नोकरी मिळाली नाही, त्यांना हिशेबात धरले की ‘इच्छुक नव्हते’ म्हणून वगळले, हेही सांगितले पाहिजे. आपण हे तिन्ही आकडे लेखी मागावेत. टाळाटाळ झाली, तर पसंतीक्रमात त्या संस्थेला खाली सरकवण्यास मी कचरणार नाही.

शुल्काबाबत इतकेच की परतावा व सवलतींचे नियम प्रवेशाआधीच वाचावेत. शक्य झाल्यास मुलीला घेऊन प्रत्यक्ष जावे आणि दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना चहाच्या वेळी कँटीनमध्ये गाठावे. कोणता विषय वर्गात शिकवला गेला आणि कोणता केवळ गुणपत्रिकेत उमटला, हे ते आडपडदा न ठेवता सांगतात.