हार्लेच्या स्पोर्टस्टर बाईकला काढ-घालीचा बॅकरेस्ट बसवायचाय पण मागचे इंडिकेटर आडवे येतात, काय करू?

भाऊ, बॅकरेस्टचे डॉकिंग पॉइंट (तो जिथं अडकतो ते खुंटे) मडगार्डच्या बाजूच्या ज्या बोल्टवर बसतात तिथंच इंडिकेटर असतात म्हणून अडचण होते, तर रिलोकेशन किट (इंडिकेटरची जागा बदलायचा सेट) घ्या अन् इंडिकेटर खाली नंबर प्लेटजवळ न्या. खरी मेहनत वायरिंगची हाय. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, वायर कमी पडली तर जोड सोल्डर करून वर श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळून बसणारी नळी) चढवा, नुसती टेप मराठवाड्यातल्या उन्हात सुटतेच, आणि वायर मडगार्डच्या आतून चिटकवून न्या, टायरला घासली की शॉर्ट झालीच समजा. एलईडी टाकले अन् फटाफट ब्लिंक व्हायले तर रेझिस्टर लागंल. सॅडलबॅग (मागं बाजूला लटकणारी बॅग) असंल तर इंडिकेटर मागून दिसतात का तेवढं बघा, लातूर-नांदेड रोडला रात्री ट्रकवाल्याला दिसलं पाहिजे ना.