चार वर्षांच्या मुलीला मुरुमं आणि जांघेत केस: थांबून पाहावं का?

ताई, थांबू नका. ‘दुधातल्या हार्मोन्समुळे होतं’ हे शेजारचं मत बाजूला ठेवा. चौथ्या वर्षी मुरुमं, जांघेत केस, घामाला मोठ्या माणसासारखा वास आणि झपाट्याने वाढलेली उंची, हे सगळं एकत्र दिसलं तर मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी तपासायलाच हव्यात. जन्मजात अ‍ॅड्रिनल दोष हे कारण जास्त आढळतं, या ग्रंथीतली गाठ दुर्मीळ. पण ही गाठ पाच वर्षांखालच्या मुलांत, त्यातही मुलींत अधिक दिसते, आणि लवकर सापडली तर शस्त्रक्रियेने पूर्ण बरी होण्याची शक्यता चांगली असते. आवाज घोगरा होणं, चेहरा गोल होऊन वजन वाढणं किंवा रक्तदाब चढणं यांतलं काही असेल तर याच आठवड्यात दाखवा.

रक्तात डीएचईए-एस, टेस्टोस्टेरॉन, १७-ओएचपी, कॉर्टिसॉल या हार्मोन्सची तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी, एवढं तुमच्या नाशिकमध्येच होईल. बालरोगतज्ज्ञांकडून मुलांच्या हार्मोनतज्ज्ञांसाठी चिठ्ठी घ्या. गाठ दिसलीच तर मुंबईत परळचं वाडिया (मुलांचं रुग्णालय) किंवा टाटा (कॅन्सर रुग्णालय) गाठा.

एक गोष्ट आवर्जून विचारा: तपासणीसाठी सुई घालून गाठीचा तुकडा काढायचा आहे का? अशा गाठीत ते सहसा टाळतात, कारण आवरण फुटून पेशी पोटात सांडू शकतात. गाठ अखंड काढणं सगळ्यात महत्त्वाचं. कुटुंबात कमी वयात कॅन्सर झालेले कुणी असतील तर तेही सांगा. टीपी५३ या कॅन्सर रोखणाऱ्या जनुकाची तपासणी लागू शकते.