वस्तीतल्या पाण्यासाठी आमच्या मंडळाकडे दोन लाख रुपये आहेत. आरओ प्लांट बसवावा की शौचालय बांधावं?

दोन्ही नको. आधी गल्लीतली पाईप गटारातून बाहेर काढा.

तुम्ही लिहिलंय की वस्ती पुण्यातली आहे, पाणी महापालिकेचं आहे, सकाळी दोन तास येतं आणि पावसाळा लागला की घरोघरी जुलाब सुरू होतात. मग पाणी पर्वतीच्या जलशुद्धीकरण केंद्रातून बिघडून येत नाहीये, ते शेवटच्या पन्नास मीटरांत बिघडतंय. आरओचं मुख्य काम क्षार काढणं, आणि खडकवासल्याच्या पाण्यात क्षार मुळातच कमी. शिवाय लिटरभर पाण्यामागे दोन-तीन लिटर वाया जातं. त्याहून वाईट म्हणजे आरओचा नाजूक पडदा (मेंब्रेन) वाचवण्यासाठी आधीचा कार्बन फिल्टर सगळं क्लोरीन काढून टाकतो. ते पाणी घरी हंड्यात ओतलं आणि पोरानं हातातला पेला बुडवला की खेळ खलास, कारण राखण करायला पाण्यात काही उरलेलंच नसतं. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे (गिलन-बारे सिंड्रोम) रुग्ण वाढले, तेव्हा काही खासगी आरओ प्लांटचं पाणीही तपासणीत नापास झालं होतं आणि महापालिकेनं ते प्लांट बंद केले होते.

हे सगळं एका गल्लीत क्रमानं घडलेलं आहे. अडतीस घरं, चार फूट रुंदीची गल्ली, मधोमध फरशीनं झाकलेलं गटार आणि त्याच गटारात दोन इंची जीआय, म्हणजे जस्त चढवलेली लोखंडी पाईप. तोंडाशी देणगीतला आरओ, तरीही जुलाब चालूच. शेवटी क्लोरोस्कोप (क्लोरीन मोजायचा संच) घेऊन पाणी सुटल्यावर घराघरांत क्लोरीन मोजलं. पहिल्या नळाला लिटरमागे ०.४ मिलिग्रॅम, बाराव्या घराला ०.२, आणि तेराव्यापासून पुढे शून्य. बारा आणि तेराच्या मधली फरशी उचलली तर खाली युनियन जोड, त्यावर सायकलची ट्यूब गुंडाळलेली, आणि जोड अर्धा काळ्या पाण्यात बुडालेला. पाणी असताना तिथून बारीक चिळकांडी बाहेर उडत होती. सव्वाआठला पाणी गेलं तशी ट्यूब आत ओढली गेली. लोकांचा विश्वास बसेना, म्हणून त्या जागी गटारात कपड्यांची नीळ ओतली. दुसऱ्या दिवशी तेरा नंबरच्या बाईंनी पहिली बादली भरली ती फिकट निळी. त्यानंतर कुणी वाद घातला नाही.

कारण साधं आहे. पाणी चोवीस तास असतं तर पाईपमधला दाब गळतीतून बाहेरच ढकलत राहतो. दिवसातले बावीस तास पाईप रिकामी असली की तेच भोक गटार आत ओढतं. त्यात कुणी लाईनवर थेट टुल्लू पंप लावला की भर पुरवठ्यातही शेजारच्यांच्या पाईपमध्ये ओढ निर्माण होते. टुल्लूवाल्याशी भांडून तो बंद होत नाही. शेवटच्या घराला दाब मिळाला की तो आपोआप बंद होतो.

आता तुमच्यासाठी. पाणी सुटल्यावर पाच मिनिटं वाहू द्या, मग गल्लीच्या तोंडाशी, मध्ये आणि शेवटी ओटी टेस्ट (थेंब टाकून रंगावरून क्लोरीन मोजायची चाचणी) करा. थेंब टाकल्यावर रंग लगेच वाचा. थांबलात तर कंबाइन्ड क्लोरीनही, म्हणजे घाणीशी आधीच जोडलं गेलेलं, पिवळं दिसतं आणि आकडा खोटा वाढतो. कुठेही ०.२ मिलिग्रॅमच्या खाली गेलं तर गळती बहुधा त्याच्या अलीकडे आहे. शेवटच्या नळाचं पाणी, वाहू न देता, पहिल्याच धारेचं, एचटूएसच्या (मैल्याचे जंतू ओळखायच्या चाचणीच्या) बाटलीत खुणेपर्यंत भरा, झाकणाच्या आत बोट लावू नका. २४ ते ४८ तासांत काळं झालं तर त्यात मैला आहे असं धरून चाला.

पाईप बदलताना जुन्या जीआयचा एक जोड दुरुस्त करून थांबू नका. त्या गल्लीत तो जोड क्लॅम्प लावून बंद केला, दोन महिन्यांत चार फूट पुढे दुसरीकडे फुटला. मैल्याच्या पाण्यात जीआय बाहेरून गंजतं. दीड इंची काळी एचडीपीई प्लास्टिक पाईप भिंतीला दीड फूट उंचीवर क्लॅम्पनं घ्या. निळी एमडीपीई प्लास्टिक पाईप उन्हात उघडी ठेवू नका, ठिसूळ होते. गटार ओलांडावंच लागलं तर ते केसिंग पाईपमधून (बाहेरून घातलेल्या मोठ्या पाईपमधून), आणि गटाराच्या हद्दीत एकही जोड नको. दर दहा घरांना एक व्हॉल्व्ह, शेवटाला वॉशआऊट, म्हणजे लाईन धुऊन गाळ काढायचा नळ. तो नसतो म्हणूनच शेवटच्या घराला कायम गाळ येतो.

नवी लाईन धुवायला साठ मीटर लांबीच्या दीड इंची पाईपमध्ये साधारण ७० लिटर पाणी मावतं. त्याला दहा ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पुरते. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, फक्त वरची निवळी लाईनमध्ये सोडा, २४ तास ठेवा, मग वॉशआऊट उघडून वास जाईपर्यंत वाहू द्या. त्या दिवशी कुणी नळाचं पाणी भरायचं नाही, हे आदल्या संध्याकाळी दारोदार सांगा.

उरलेल्या पैशांत झाकणाचे हंडे आणि ओगराळी. हसू नका. अर्धं काम तिथे होतं.

शौचालयाचं म्हणाल तर स्वच्छ भारतच्या निकषानुसार ३५ पुरुषांमागे एक आणि २५ बायकांमागे एक सीट लागते, ते दोन लाखांत होणार नाही. आणि बांधलेली पडून असतात ती सीट कमी म्हणून नव्हे, तर पाणी नाही, बल्ब नाही, कडी नाही, टाकी भरलेली, म्हणून. घरात जागा आणि जवळ ड्रेनेज असेल तर घरटी शौचालय करा. शेल्टर असोसिएट्स ही संस्था साहित्य दारात आणून देते, बांधकाम कुटुंब करतं. ते मॉडेल बघून या.

एक खुन्नस लिहितोच. त्या गल्लीतल्या आरओच्या देणगीदारांना पाईपसाठी विचारलं, तर त्यांचा अधिकारी म्हणाला, "पाईपचा फोटो काय काढणार?" तुमच्या मंडळालाही कमानीवर नाव हवं असेल तर क्लॅम्पवर लिहा, पण पाईपच घ्या.

आता राहिलेलं. बोअरचं पाणी असेल आणि प्रयोगशाळेत नायट्रेट किंवा क्षार जास्त निघाले, तर आरओ योग्य, मी वर म्हटलं ते त्याला लागू नाही. पाणी गढूळ असेल तर आधी निवळा, गढुळात क्लोरीन वाया जातं. टीसीएलचं पोतं उघडं राहिलं की ताकद जाते, पावसाळ्यात तर लवकरच. पाईप महापालिकेची आहे, तेव्हा क्षेत्रीय कार्यालयात अर्ज आणि परवानाधारक प्लंबर लागेल. वस्ती अनधिकृत आहे म्हणून हाकललं, तर पाणी हक्क समितीच्या याचिकेवरचा मुंबई उच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१४ चा निकाल अर्जाला जोडा; वस्ती अनधिकृत म्हणून पाणी नाकारता येत नाही, असं त्यात म्हटलंय. तो मुंबईपुरता आहे, पण टेबलावर ठेवायला उपयोगी पडतो.