आयबुप्रोफेन तीन मिनिटांत तयार होतं, तर कंपन्या अजून बॅच रिअॅक्टर का चालवतात? शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी हा विषय घेऊ का?

या 'तीन मिनिटां'वरून मी एका माणसाशी इतकी भांडले आहे की उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही.

आधी तो आकडा. 2015 साली एमआयटीच्या स्नीड आणि जेमिसन यांनी बारीक नळ्यांतून द्रव वाहते ठेवून, म्हणजे 'प्रवाहात', आयबुप्रोफेन बनवून दाखवलं. (बॅच रिअॅक्टर म्हणजे एकेक खेप बनवायचं मोठं भांडं.) काम देखणं आहे, वाद नाही. पण उत्पादन होतं तासाला साधारण 8 ग्रॅम. 400 मिलिग्रॅमच्या हिशेबाने वीस गोळ्या! शिवाय तीन मिनिटांनी बाहेर पडतं ते द्रावण. त्यातून औषध घन रूपात काढायचं, गाळायचं, धुवायचं, वाळवायचं, ही सगळी कटकट त्या तीन मिनिटांत धरलेलीच नाही. पहिल्या पायरीला अॅल्युमिनियम क्लोराइडही चिमूटभर पुरत नाही, मोलला मोल, म्हणजे रेणूंच्या हिशेबाने कच्च्या मालाच्या बरोबरीने, घालावं लागतं, आणि तेवढा अॅल्युमिनियमचा कचरा पदरात पडतो.

उलट आयबुप्रोफेनमधली खरी मोठी सुधारणा नळ्यांमुळे झालीच नाही. बूट्स कंपनीची मूळ कृती सहा पायऱ्यांची. कागदावरच्या हिशेबानेसुद्धा कच्च्या मालाच्या वजनातलं जेमतेम 40 टक्के औषधात उतरायचं. बीएचसी या कंपनीच्या तीन पायऱ्यांच्या कृतीने ते 77 टक्क्यांवर नेलं, आणि 1992 पासून ती कारखान्यात चालू झाली. मार्ग बदलला म्हणून फरक पडला.

आता माझं भांडण. आमच्या कंपनीत पॅरासिटामॉलच्या शेवटच्या पायरीचा पायलट, म्हणजे प्रवाहात करून बघायची छोटी चाचणी, चालू होता; पॅरा-अमिनोफिनॉल आणि अॅसिटिक अनहायड्राइड यांच्यापासून औषध. मी प्रोसेस विभागात होते. प्रयोगशाळेचे प्रमुख मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "केमिस्ट्री मी सोडवलीय, आता फक्त प्लंबिंग उरलंय." हे वाक्य माझ्या अजून डोक्यात आहे.

पॅरासिटामॉल गरम पाण्यात बऱ्यापैकी विरघळतं, गार पाण्यात लिटरला 14 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे रिअॅक्टरमधून निघालेलं गरम द्रावण वाटेत कुठेही थंड झालं, तर माल तिथेच पडणार. रिअॅक्टर आणि क्रिस्टलायझर (जिथे औषधाचे स्फटिक पाडतात) यांच्या मधल्या एल्बोला, म्हणजे पाइपच्या वळणाला, हीट ट्रेसिंग (पाइप गरम ठेवणारी तार) द्या, असं मी लेखी मागितलं होतं. बजेट कापताना सर्वांत आधी तेच कापलं गेलं.

रात्रपाळीला पंपाचा आवाज बदलला. ऑपरेटर काकांच्या कानाने तो स्क्रीनवर अलार्म यायच्या आधीच टिपला. प्रेशरचा काटा वर सरकत होता, झटक्याने नाही, अगदी सावकाश. मग जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उडाला. लाइन थंड करून फ्लँज (पाइपचा जोड) उघडला, तर एल्बोत अंगठ्याएवढा टणक पांढरा बूच, आणि त्याच्या कडेला गुलाबीसर छटा. ती छटा उरलेल्या अमिनोफिनॉलची, हवा लागली की ते रंग धरतं. (तयार औषधात त्याची मर्यादा 50 पीपीएम, म्हणजे दहा लाखांत 50 भाग, आहे, त्यामुळे ती छटा बघून क्वालिटीवाल्यांची झोप उडाली ती वेगळीच.) लाइनमधला सगळा माल गेला. पुन्हा चालू केल्यावर प्रवाह स्थिर होईपर्यंतचा मालही फेकला. रिपोर्टात साहेबांनी लिहिलं: 'किरकोळ यांत्रिक बिघाड.' यांत्रिक! विद्राव्यता ही केमिस्ट्री नाही तर काय आहे?

तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आलं. 2009 मध्ये रसायनशास्त्रज्ञ मॅक्वेड यांच्या गटाने आयबुप्रोफेन प्रवाहात केलं, तेव्हा त्यांनी पहिल्या पायरीला अॅल्युमिनियम क्लोराइड टाळून ट्रायफ्लिक आम्ल वापरलं, ते नळीत काही साचू नये म्हणूनच. याला म्हणतात आधी विचार करणं. बाकीचं कारण रूक्ष आहे. बॅच रिअॅक्टरचे पैसे कधीच वसूल झालेले असतात, धुतला की त्यात दुसरं औषध घेता येतं, आणि मंजूर झालेली कृती बदलायची तर कागदपत्रांचा डोंगर. 'प्रवाहात बॅच (एकत्र तपासायचा ठरावीक माल) कुठली?' हा मात्र आता बहाणा आहे. औषधांचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या आयसीएचच्या क्यू13 मार्गदर्शिकेने 2022 मध्ये ते स्पष्ट केलंय, मालाच्या वजनावरून किंवा लाइन चालल्याच्या वेळेवरून बॅच ठरवता येते.

एवढं वाचून मी प्रवाहाच्या विरोधात आहे असं समजू नका. नायट्रेशन, हायड्रोजनेशन अशा भडकणाऱ्या अभिक्रियांना मी तरी मोठं भांडं वापरणार नाही, नळीत एका वेळी थोडाच माल असतो आणि उष्णता पटकन काढता येते. गोळ्यांच्या टोकाला तर ही पद्धत रुळलीही आहे. पावडर वजनावर फीडरने सोडायची, मिश्रणावर एनआयआरची (अवरक्त प्रकाशाने मोजणाऱ्या यंत्राची) नजर, बिघडलेला तेवढाच भाग बाजूला वळवायचा. अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या औषध नियंत्रकाने) 2015 मध्ये सिस्टिक फायब्रोसिसवरच्या ऑरकॅम्बीला अशाच लाइनवर मंजुरी दिली, 2016 मध्ये एचआयव्हीवरच्या प्रेझिस्टाला बॅचवरून या पद्धतीवर यायला. दोन्ही महागडी औषधं आहेत, वेदनाशामकं नाहीत, हेही लक्षात घ्या. स्वस्त गोळीत नव्या लाइनचा खर्च निघायला वेळ लागतो.

प्रोजेक्टला विषय घ्या, पण संश्लेषण करू नका, ते बऱ्याच जणांनी केलंय. पॅरासिटामॉलचं सतत स्फटिकीकरण घ्या. नळीची भिंत किती थंड झाली की थर धरतो, प्रवाहाचा वेग वाढवला तर तो थर किती उशिरा धरतो, एवढं नीट मोजलंत तरी भरपूर झालं. गाइड म्हणाले की यात केमिस्ट्री कुठे आहे, तर त्यांना हे उत्तर दाखवा. आणि हीट ट्रेसिंगचा खर्च बजेटमध्ये पहिल्याच ओळीत लिहा.