चित्र हाताला लागतं, मग ते अमूर्त कसं?

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या एका शिक्षिकाबाईंचा प्रश्न आहे. शाळेच्या चित्रप्रदर्शनात त्यांनी एका भिंतीवर ‘अमूर्त चित्रे’ अशी पाटी लावली. सातवीतल्या एका मुलाने शंका काढली: कॅनव्हास तर समोर टांगलाय, बोट फिरवलं तर रंग खरखरीत लागतो, मग हे अमूर्त कसं? शिवाय ‘अमूर्त चित्रकार’ म्हणावं का, असंही बाई विचारतात.

पोराची शंका रास्त आहे. ‘मूर्त’ हे ‘मूर्च्छ्’ धातूचं रूप, आणि त्या धातूचा एक अर्थ घट्ट होणं, थिजणं. मूर्ती त्यातलीच, मूर्च्छाही त्यातलीच. थंडीत तूप थिजतं तसं जे थिजून आकाराला आलं ते मूर्त. बृहदारण्यक उपनिषदात मूर्त-अमूर्ताची वाटणी आहे. तिथे वायू आणि अंतरिक्ष अमूर्तात, बाकीचं सगळं मूर्तात. त्या हिशेबाने वाळलेला तैलरंग चांगलाच मूर्त झाला. अमूर्त असतो तो विषय: हे झाड, हे घर, असं बोट ठेवून सांगण्याजोगं चित्रात काही नसतं. विशेषण चित्राला चिकटलंय, बोलतंय मात्र विषयाबद्दल.

इंग्रजी ‘ॲबस्ट्रॅक्ट’ची तऱ्हा वेगळी. त्याचं लॅटिन मूळ ‘ओढून काढलेलं’ असं आहे. आणि मराठीत आपण चित्राचं काय करतो? काढतोच की! विहिरीतून पाणी काढतो, म्हशीचं दूध काढतो, उंबऱ्यापुढे रांगोळी काढतो, तसंच चित्रही काढतो. (त्या मुलाने शंकाही काढलीच.) आपल्या शेजारची कन्नड तर चित्र ‘बिडिसते’. ‘बिडिसु’ म्हणजे सोडवणं, मोकळं करणं, कापूसही बिडिसतात. एकाच गल्लीत कुणी चित्र ओढून काढतो, कुणी सोडवतो.

बेळगावात वडगावला माझ्या ओळखीचे एक चित्रकार आहेत. पूर्वी जिथे हातमाग होता त्या खोलीत काम करतात. एक रंग रोलरने पसरायचा, वाळू द्यायचा, वर दुसरा चढवायचा, मग भिंतीला लांबी (पुट्टी) भरायच्या पट्टीने तो अर्धामुर्धा खरवडायचा. शेजारच्या आजी दारातून डोकावतात, “आज काय काढलंस रे?” हे उत्तर देतात, “कालचं निळं काढलं, आजी.” आजींना वाटतं निळं काहीतरी चितारलं, यांनी तर कालचं निळं खरवडून टाकलेलं असतं. दोन्हींना क्रियापद एकच. मला विचाराल तर त्यांच्या कामाचं याहून नेमकं वर्णन मी वाचलेलं नाही.

अमूर्त चित्रं करणारे वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) हेही रोलर आणि पॅलेट नाइफने (रंग पसरायच्या सुरीने) थरांवर थर देत काम करत. त्यांना ‘ॲबस्ट्रॅक्ट’पेक्षा ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’, म्हणजे ज्यात कुठली वस्तू दाखवलेलीच नाही असं, हा शब्द जवळचा वाटे. ते पटण्यासारखं आहे, कारण ‘ओढून काढलेलं’ म्हटलं की कशातून, हा प्रश्न येतोच. पण त्याचं मराठी ‘अवस्तुनिष्ठ’ करायला जाऊ नका. ‘वस्तुनिष्ठ’ हा शब्द प्रश्नपत्रिकांनी कधीच पळवलाय. कलेवरच्या लिखाणात ‘अप्रतिरूप’ (कशाचंही प्रतिरूप नसलेलं) आणि ‘केवलाकारी’ (नुसत्या आकारांचं) भेटतात. अर्थाने दोन्ही चोख, पण सातवीच्या वर्गात ‘केवलाकारी’ म्हणून बघा, पोरं ‘केवळ आकारी’ की ‘केवळ बेकारी’ असं विचारतील.

आता ‘अमूर्त चित्रकार’. शब्दशः घेतलं तर हा देह नसलेला चित्रकार, म्हणजे भूतच. पूर्वी मी हा प्रयोग हटकून खोडायचो. मग एकाने विचारलं, आपल्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांना तुम्ही ‘शास्त्रीय गायक’ म्हणता, तिथे गायक शास्त्रीय असतो की गाणं? मी गप्प बसलो. तेव्हापासून दुसऱ्याच्या लिखाणात खोडत नाही, स्वतः लिहिताना ‘अमूर्त चित्रं करणारे’ असं लिहितो.

तेव्हा बाई, पाटी आहे तशीच राहू द्या. शेजारी कन्नड पाटी लावायची झाली तर तिथेही ‘अमूर्त’च लिहिलं जाईल. पाटीवर दोन्ही भाषांचं एकमत, हे आपल्याकडे रोज घडत नाही. आणि त्या मुलाला चित्राला हात लावू द्या, फक्त रंग वाळलाय ना, ते आधी बघा.