फ्रायरने हात भाजला, कटरने बोट गेलं : भरपाई कुणाकडे मागायची?

प्रश्न : माझा भाऊ कॉलेज रोडवरच्या एका बर्गरच्या दुकानात कामाला आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये फ्रायरमधलं तेल काढताना त्याचे दोन्ही हात भाजले. सहा आठवडे घरी होता, पगार मिळाला नाही. पगार 14,000 रुपये, दुकानात चौदा माणसं. काही मिळेल का?

उत्तर : मिळेल, आणि त्यासाठी मालकाची मनधरणी करायची गरज नाही. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या दुकानाला ईएसआय (कर्मचारी राज्य विमा योजना) लागते आणि 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार त्यात येतो. आधी पगाराची स्लिप बघा. 0.75 टक्के, म्हणजे 105 रुपये कापलेले दिसले तर नाव नोंदलेलं आहे. कामावरच्या दुखापतीला 'इतके महिने वर्गणी भरलेली हवी' अशी अट नसते. रोजच्या सरासरी पगाराच्या 90 टक्के मिळतात. भावाच्या पगारावर दिवसाला अंदाजे 420 रुपये.

अडचण येते ती दोन कागदांपाशी. मालकाने अपघाताचा अहवाल (फॉर्म 12) पाठवलेला नसतो, आणि विश्रांतीचं सर्टिफिकेट खासगी डॉक्टरचं असतं, ईएसआयच्या डॉक्टरचं नसतं. खासगी उपचाराचे सगळे कागद घेऊन ईएसआय डॉक्टरांना भेटा आणि ईएसआय महामंडळाच्या शाखा कार्यालयात अपघाताची लेखी माहिती द्या. मालकाने नावच नोंदवलं नसेल तरीही अर्ज करा. महामंडळ लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकतं.

प्रश्न : मी पंचवटीत एका फ्राइड चिकनच्या दुकानात काम करते. वय 25, पगार 13,000. आम्ही सातच जण. सप्टेंबर 2025 मध्ये बटाटा कापायच्या मशीनमध्ये तर्जनीचं टोक गेलं. मालक म्हणतात, "गार्ड (मशीनचं संरक्षक झाकण) तूच काढलं होतंस." वीस हजार देतो, स्टॅम्प पेपरवर सही कर, असंही म्हणतात.

उत्तर : ताई, सही करू नका. हक्क सोडून दिल्याचा असा करार कायद्याने रद्दबातल आहे, आणि ठोक रकमेची तडजोड भरपाई आयुक्तांकडे नोंदवावी लागते. पण कागद मालकाच्या हाती गेला की पुढे तो खोडून काढण्यात तुमचाच वेळ जातो.

तुमच्याकडे ईएसआय नाही, म्हणून कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, 1923 लागू होतो. (त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली, तुमचा अपघात त्याआधीचा आहे.) हिशेब असा : पगाराच्या 60 टक्के 7,800, गुणिले कायद्याच्या तक्त्यातला 25 वयाचा घटक 216.91, म्हणजे 16,91,898. तर्जनीचं एक पेर गेलं तर त्याचे 9 टक्के, 1,52,271 रुपये. हाड शाबूत राहून फक्त टोक गेलं असेल तर 5 टक्के, 84,595 रुपये. एवढा फरक डिस्चार्ज कार्डावरच्या एका ओळीने पडतो. म्हणून एक्स-रे जपून ठेवा आणि हाड गेलं की नाही हे डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्या. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा मागता येतो, तेव्हा औषधांची बिलं फेकू नका.

गार्डचं म्हणाल तर तुम्ही ते मुद्दाम काढलं, हे मालकाला सिद्ध करावं लागेल. गर्दीच्या वेळी रोजच गार्ड काढून काम चालत असेल आणि सुपरवायझरला ते माहीत असेल, तर हा बचाव फारसा टिकत नाही. सोबतच्या दोघांचं म्हणणं आत्ताच लिहून घ्या. अशा दुकानांत माणसं सहा महिन्यांत बदलतात.

दवाखान्याच्या पहिल्या कागदावर 'घरी लागलं' असं लिहिलेलं आहे का तेही बघा. मालकाचा माणूस सोबत गेला की असं बऱ्याचदा होतं. तसं असेल तर सिव्हिल किंवा ज्या रुग्णालयात नेलं तिथे दुरुस्तीचा लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

मग मालकाला रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवा : तारीख, वेळ, मशीन, दुखापत, मागणी. पगार एजन्सीमार्फत येत असेल तर दुकानमालक आणि एजन्सी दोघांनाही पाठवा. अपघातापासून महिनाभरात भरपाई दिली नाही तर 12 टक्के व्याज आणि सबळ कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंड लागू शकतो. भरपाई आयुक्तांकडे अर्ज अपघातापासून दोन वर्षांत करायचा असतो. तुमची मुदत सप्टेंबर 2027 ला संपते. तुम्ही जिथे राहता तिथल्या आयुक्तांकडेही तो करता येतो. वकिलाचा खर्च झेपणार नसेल तर नाशिकच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नसते, वकील मोफत मिळतो.