तंत्रज्ञान आणि समाज बदलला की शहराचा आकार खरंच बदलतो का? गोव्यात काय दिसतं?

बदलतो. पण तो बघायला पणजीत फिरू नका. मळा या तिथल्या जुन्या भागातल्या गल्ल्या अजून बऱ्याचशा जुन्या वळणाच्याच आहेत. मांडवी नदी ओलांडून पलीकडच्या पर्वरीला चढा.

आमच्याकडे जुनी वस्ती डोंगराच्या पायथ्याशी असायची. वर जांभ्याचा सडा, म्हणजे सपाट खडकाळ माथा, उतारावर काजू, पायथ्याला झरी आणि विहीर, माडांच्या सावलीत घरं, त्याखाली शेत नाहीतर खाजन, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली जमीन. सडा पावसाचं पाणी पितो आणि पायथ्याला झरीतून सोडतो, म्हणून माणसंही तिथेच राहिली. सड्यावर गुरं चरायची. घर बांधून करणार काय, पाणीच नाही! आज पर्वरीचा सडा आणि पणजीजवळचं कदंब पठार इमारतींनी भरत चाललंय. याचं श्रेय सगळे पुलाला आणि गाड्यांना देतात. मी नळाला जास्त देईन. अस्नोड्याच्या जलप्रकल्पाचं पाणी बार्देशात (पर्वरीच्या तालुक्यात) आणि ओप्याचं तिसवाडीत (पणजीच्या तालुक्यात) नळाने पोचू लागलं, पंपाने वर चढू लागलं, तेव्हाच सडा राहण्याजोगा झाला.

पूल अर्थात महत्त्वाचा होताच. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मांडवीवर पूल झाला. त्याआधी पलीकडे जायला बेतीची फेरीबोट होती. ५ जुलै १९८६ रोजी तो पूल कोसळला आणि नवा १९९२ मध्ये खुला झाला. मधली वर्षं लोक पुन्हा फेरीबोटीवर आले, पण पर्वरी ओस पडली नाही. उलट २००० साली विधानसभाच तिथे गेली. मला हे फार बोलकं वाटतं: साधन मोडलं तरी त्याने वसवलेली वस्ती मोडत नाही.

आता समाजाची बाजू. इथे कायदे बघावे लागतात, कारण जमीन कुणाच्या हाती जाणार हे तेच ठरवतात. १९७५च्या मुंडकार कायद्याने भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत राहणाऱ्या कुटुंबांना (मुंडकारांना) घरातून हुसकावण्यापासून संरक्षण दिलं, राहती जागा विकत घेण्याचा हक्क दिला. त्यामुळे गावाचे विखुरलेले वाडे, म्हणजे छोट्या वस्त्या, जागच्या जागी टिकले. दुसरा कायदा पोर्तुगीज काळातला, १८६७चा नागरी कायदा. त्यात मुलगा-मुलगी समान वाटेकरी. गोव्याने हे जपलं याचा मला मनापासून अभिमान आहे. पण तीन पिढ्यांनंतर शहरातल्या एका घराचे वारस मुंबई, लिस्बन, दुबईत पसरलेले असतात आणि सगळ्यांच्या सह्या जमल्याशिवाय घर विकता येत नाही. कुलूप तसंच राहतं, छप्पर खचतं. बिल्डर साहजिकच जिथे विकणारा एकटा असतो तिथे जातो, आणि शहर आतून रिकामं होत बाहेर पसरतं.

म्हणून गोव्याचं शहर नकाशावर सापडत नाही. २०११च्या जनगणनेत राज्याची ६२ टक्के लोकसंख्या शहरी निघाली, देशातल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. पण पणजी महापालिकेत माणसं जेमतेम चाळीस हजार! बाकीचे कुठे? पालिका असलेली शहरं फक्त १४, आणि जनगणनेने शहर ठरवलेली पण कारभार पंचायतीकडेच असलेली गावं ५६. तिथे चारमजली इमारतींचा कचरा आणि सांडपाणी सांभाळायचं ते गावच्या पंचायतीने. ही ओढाताण मला सगळ्यात जास्त सलते.

इंटरनेटने यात नवी भर घातली. कोविडनंतर घरून काम करणारे लोक आसगाव, शिवोलीकडे आले. ऑफिस जवळ असण्याची त्यांना गरज नाही. त्यांना हिरवा देखावा आणि शांतता हवी असते, ती मिळते डोंगरउतारावर. म्हणजे सड्यानंतर आता उतार कापले जाताहेत, आणि भाडी इतकी चढलीत की त्याच गावात मोठ्या झालेल्या मुलांना तिथे खोली परवडेना.

तुम्हाला हा बदल घडताना बघायचा असेल तर पेडण्याला या. जानेवारी २०२३ पासून मोपाचा विमानतळ सुरू आहे, आणि तोही सड्यावरच आहे. आजूबाजूच्या जमिनी कोण विकतंय, नव्या वसाहतींना चांदेलच्या जलप्रकल्पाचं पाणी पुरेल का, सडा सिमेंटने झाकल्यावर खालच्या गावांच्या झरींना पाणी कुठून येणार, हे तिथल्या पंचायतीत आणि झरीवर पाणी भरणाऱ्या बायकांना विचारा.